हातात मावणारा गायगर काउंटर: मुंबईत वापरून पाहिलेल्या एका यंत्राचे परीक्षण

लॅमिंग्टन रोडवरील दुकानांत मल्टिमीटर, सोल्डरिंगची अवजारे आणि नाना प्रकारचे सेन्सर यांच्या शेजारी आता हातात मावणारे गायगर काउंटरही दिसू लागले आहेत. मी घेतलेले यंत्र सात-आठ हजार रुपयांच्या पट्ट्यातले आहे. आकाराने मोबाइलएवढे, पण जाडीला दुप्पट, समोर छोटा पडदा, बाजूला तीन बटणे आणि आत काचेची एक बोटभर नळी. शाळेत विज्ञान शिकवताना किरणोत्सारितेचा पाठ आला की मुलांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा बॉम्ब येतो, मग अपघात येतो, आणि निसर्गात हे अखंड चाललेले आहे ही गोष्ट शेवटपर्यंत येतच नाही. ती कानांनी ऐकवता यावी, एवढ्यासाठी हे यंत्र घेतले. त्या कामासाठी ते उत्तम आहे. मात्र घराच्या सुरक्षिततेसाठी म्हणून कोणी ते घेणार असेल, तर आधी हे परीक्षण पूर्ण वाचावे, अशी माझी विनंती आहे.

यंत्राचे काम समजायला अवघड नाही. नळीत निऑनसारखा वायू कमी दाबाने भरलेला असतो आणि तिच्या दोन टोकांना सुमारे ४०० व्होल्टचा दाब दिलेला असतो. बाहेरून आलेला बीटा कण (अस्थिर अणुकेंद्रातून वेगाने निघालेला इलेक्ट्रॉन) किंवा गॅमा किरण (तेथूनच निघणारा, प्रकाशासारखाच पण फार जास्त ऊर्जेचा किरण) या वायूत शिरून एखाद्या अणूचा इलेक्ट्रॉन सोडवतो, तो इलेक्ट्रॉन धावताना आणखी इलेक्ट्रॉन सोडवत जातो आणि क्षणभर नळीतून वीज वाहते. तोच आपल्याला ऐकू येणारा एक ठोका. हान्स गायगर आणि वाल्टर म्यूलर यांनी १९२८ मध्ये सिद्ध केलेली रचना आजही मुळात तीच आहे. यात एक उणीव मूळचीच आहे: प्रत्येक ठोका सारखाच असतो. आलेले प्रारण किती ऊर्जेचे होते, कोणत्या मूलद्रव्यातून आले, हे ही नळी सांगू शकत नाही. ती फक्त मोजते.

यंत्र सुरू केल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही की, ते कधीच गप्प बसत नाही. दादरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, टेबलावर काहीही ठेवलेले नसताना, मिनिटाला वीसच्या आसपास ठोके पडतात. ते तालात पडत नाहीत. दोन ठोके लागोपाठ येतात, मग सात-आठ सेकंद शांतता, मग एकदम चार. मुलांना आणि पाहुण्यांना हे यंत्र बिघडल्यासारखे वाटते, पण किरणोत्साराचा स्वभाव नेमका हाच आहे. अस्थिर अणुकेंद्र केव्हा फुटेल हे ठरवणारी कोणतीही बाहेरची गोष्ट नाही. शेजारचे केंद्र फुटले म्हणून ते फुटत नाही, फार काळ थांबले म्हणून त्याची पाळी जवळ येत नाही, आणि कितीही तापवले, दाबले किंवा आम्लात विरघळवले तरी त्याला घाई होत नाही. कोट्यवधी केंद्रे एकत्र घेतली म्हणजे मात्र ठरावीक काळात त्यांतली निम्मी फुटणार हे खात्रीने सांगता येते, आणि त्या काळालाच आपण अर्धायुष्य म्हणतो.

या अनियमितपणामुळे पडद्यावरचा आकडा कसा वाचायचा हे आधी शिकावे लागते, आणि सोबतच्या पुस्तिकेत नेमके तेच दिलेले नाही. मिनिटाला सरासरी २० ठोके असतील, तर एखाद्या मिनिटात १५ किंवा २५ येणे अगदी स्वाभाविक आहे, कारण अशा मोजणीतला चढउतार साधारणपणे मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. दहा मिनिटे मोजून २०० ठोके मिळाले, तर चढउतार १४ चा, म्हणजे मिनिटाला जेमतेम दीड ठोक्याचा उरतो. तासभर मोजले तर तो अर्ध्या ठोक्याच्या जवळ येतो. यंत्र मात्र एका मिनिटाचा आकडा ठळक दाखवते आणि त्याखाली रंगीत पट्टी वरखाली नाचवते, त्यामुळे पाहणाऱ्याला सोफ्याजवळ किरणोत्सार जास्त आणि खिडकीजवळ कमी असे भास होऊ लागतात. यंत्रात ठोक्यांची नोंद साठवून ती संगणकावर घेण्याची सोय आहे. ती खरोखर चांगली आहे आणि कोणताही निष्कर्ष काढण्याआधी तीच वापरावी.

पडद्यावरचा दुसरा आकडा तासाला किती मायक्रोसीव्हर्ट, हा असतो (सीव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या प्रारणाच्या मात्रेचे एकक आहे). हा आकडा मोजलेला नसतो, ठोक्यांवरून गुणाकाराने काढलेला असतो. या यंत्रात मिनिटाला सुमारे १५० ठोके म्हणजे तासाला १ मायक्रोसीव्हर्ट असे धरलेले आहे. असा गुणक ठरावीक ऊर्जेच्या गॅमा किरणांना, सामान्यतः सीझियम-१३७ किंवा कोबाल्ट-६० यांच्या किरणांना, लागू पडतो. बीटा कणांमुळे पडलेल्या ठोक्यांना तो लावला की येणारा आकडा निरर्थक ठरतो. शिवाय नैसर्गिक किरणोत्सारापासून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला जी २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते, तिचा जवळजवळ निम्मा भाग श्वासातून जाणाऱ्या रेडॉन वायूमुळे असतो, आणि फुफ्फुसात काय घडते ते टेबलावरच्या नळीला दिसत नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना सीव्हर्टचा आकडा झाकून फक्त ठोके लिहायला सांगते.

घरातल्या चाचण्यांकडे वळताना मुंबईचा एक विशेष सांगायला हवा. आपले शहर बसाल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर उभे आहे, आणि बसाल्टमध्ये युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांचे प्रमाण ग्रॅनाइटपेक्षा बरेच कमी असते. त्यामुळे येथील जमिनीतून येणारी प्रारणे कमी आहेत आणि यंत्राचे नेहमीचे ठोकेही कमी पडतात. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर यंत्र ठेवले तर काहीच फरक दिसला नाही, आणि त्यालाही कारण आहे: बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून मिळणारा दगड बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो जातीचा असतो आणि तो बसाल्टचाच जवळचा नातलग आहे. याउलट इमारतीच्या प्रवेशद्वाराशी बसवलेल्या लालसर ग्रॅनाइटवर अर्धा तास मोजल्यावर ठोके स्पष्टपणे वाढलेले दिसले, कारण त्या लाल रंगाच्या फेल्स्पारमध्ये पोटॅशियम भरपूर असते. ही वाढ घाबरण्याजोगी मुळीच नाही, पण ती मोजता आली याचा आनंद मोठा होता.

पोटॅशियमसाठी सर्वांत सोपा नमुना रोपवाटिकेत मिळतो. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे मुख्यतः पोटॅशियम क्लोराइड. निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे एखाद-दुसरा अणू पोटॅशियम-४० या किरणोत्सारी समस्थानिकाचा असतो आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षांचे आहे. अर्धा किलो खताच्या पिशवीला यंत्राची पाठ टेकवली की ठोके दुपटीच्या पुढे जातात. आता मध्ये स्टीलची दोन ताटे सरकवावीत: ठोके जवळजवळ पूर्वपदावर येतात. पोटॅशियम-४० मधून बहुतांश बीटा कण, म्हणजे वेगाने निघालेले इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि त्यांना तेवढे पोलाद पुरते. उरलेले थोडे गॅमा किरण मात्र ताटे ओलांडून येतात, म्हणून आकडा अगदी तंतोतंत खाली येत नाही. बीटा आणि गॅमा यांतला फरक फळ्यावर आकृती काढून जितका समजत नाही, तितका या ताटांनी समजतो. हेच पोटॅशियम केळ्यात आहे, डाळीत आहे आणि आपल्या शरीरातही आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला पोटॅशियम-४० ची चार हजारांहून अधिक केंद्रे फुटत असतात.

खत असो, मीठ असो की दगड असो, पोटॅशियम जितके तितकेच ठोके, हे पाहिल्यावर मेरी क्यूरी यांच्या कामाचे मोल कळते. हेन्री बेकरेल यांना १८९६ मध्ये युरेनियमच्या क्षारांमुळे काळ्या कागदात गुंडाळलेली छायाचित्रणाची काच काळवंडलेली दिसली. मेरी क्यूरी यांनी निरनिराळी संयुगे घेऊन मोजमाप केले आणि दाखवून दिले की, प्रारणांची तीव्रता केवळ त्यांतल्या युरेनियमच्या प्रमाणावर अवलंबून असते, ते कशाशी संयोग पावले आहे यावर नाही. म्हणजे हा गुण रासायनिक नाही, अणूचा स्वतःचा आहे. पुढे १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम सापडले ते याच तर्काच्या आधारे, कारण काही खनिजे त्यांतल्या युरेनियमच्या मानाने फार अधिक तीव्र निघाली होती.

या यंत्राने मला दिलेला सर्वांत सुंदर अनुभव पावसाचा आहे. जमिनीतल्या युरेनियमपासून पुढच्या पायऱ्यांवर रेडॉन हा वायू तयार होतो, तो हवेत मिसळतो आणि त्याच्यापासून शिसे-२१४ व बिस्मथ-२१४ ही अल्पजीवी मूलद्रव्ये बनून धुळीच्या कणांना चिकटतात. पाऊस ती खाली धुऊन आणतो. ऑक्टोबरमध्ये विजांसह कोसळलेल्या परतीच्या सरीनंतर लगेच खाली जाऊन गाडीच्या टपावरचे पाणी मी एका टिश्यू पेपरने पुसून घेतले आणि त्याची घडी करून यंत्राच्या नळीखाली ठेवली. नेहमीच्या २० ऐवजी ठोके मिनिटाला ६० च्या घरात गेले. अर्ध्या तासाने ते ४० च्या आसपास होते, तासाभराने ३० च्या, आणि रात्री जेवणे उरकेपर्यंत तो कागद पुन्हा साधा कागद झाला होता. नेहमीचे २० वजा केले तर ४०, २०, १० अशी उतरंड दिसते. पाठ्यपुस्तकातला अर्धायुष्याचा आलेख स्वयंपाकघराच्या टेबलावर उमटला. शिसे-२१४ चे अर्धायुष्य सुमारे २७ मिनिटांचे आणि बिस्मथ-२१४ चे सुमारे २० मिनिटांचे आहे, आणि एकामागून एक अशा त्यांच्या विघटनामुळे मिळून अर्ध्या तासाचा हा हिशोब जुळतो. जुलैतल्या संततधारेत हाच प्रयोग करून पाहिला, तेव्हा जवळजवळ काहीच मिळाले नाही. मोसमी वारे समुद्रावरून येतात आणि समुद्राच्या पृष्ठभागावरून रेडॉन फारच थोडा बाहेर पडतो. एकाच शहरात, एकाच गाडीच्या टपावर, वारा जमिनीवरून आला की समुद्रावरून, हे सात-आठ हजारांचे यंत्र सांगू शकते, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

चोरबाजारात जुनी गॅसबत्तीची मेंटल (ज्योतीवर बसवायच्या जाळीदार पिशव्या) आणि अंधारात चमकणाऱ्या काट्यांची जुनी घड्याळे मिळतात. मेंटलमध्ये पूर्वी थोरियमचे ऑक्साइड वापरत असत, कारण तापल्यावर ते शुभ्र प्रकाश देते. आपल्याकडे केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत थोरियम विपुल आहे. अशा जुन्या मेंटलजवळ यंत्र धरले की ठोके एकमेकांत मिसळून सलग खरखर ऐकू येते आणि हातभर मागे घेतले की पुन्हा नेहमीची चाल. रेडियमच्या रंगाच्या घड्याळांचेही तसेच. त्यांचा रंग आता चमकत नाही, कारण त्यातले झिंक सल्फाइड झिजून गेलेले असते, पण रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचे असल्याने ते जसेच्या तसे आहे. ही घड्याळे काच लावलेली असताना तपासावीत. ती उघडू नयेत आणि मेंटल हातात कुस्करू नये. प्रारण बाहेरून अंगावर येणे आणि किरणोत्सारी धूळ श्वासातून किंवा तोंडातून शरीरात जाणे, यांत फार मोठे अंतर आहे. किरणोत्सारातला तिसरा प्रकार म्हणजे जड आल्फा कण; तो कागदाने अडतो, त्वचेनेही अडतो, पण तोच शरीराच्या आत सुटला तर सर्वांत जास्त इजा करतो. आणि या यंत्राची काचेची नळी आल्फा कणांना आत येऊच देत नाही, हे येथे स्पष्ट सांगायला हवे. आल्फा मोजायचे असतील तर अभ्रकाची पातळ खिडकी असलेली नळी लागते आणि तशा यंत्राची किंमत कितीतरी पटींनी जास्त असते.

आता ज्या गोष्टींसाठी बहुतेक मुंबईकर हे यंत्र घेऊ पाहतात, त्यांबद्दल. सोसायटीच्या गच्चीवरचा मोबाइल टॉवर हे या यंत्राचे काम नाही. टॉवरच्या लहरींमध्ये अणूपासून इलेक्ट्रॉन सुटा करण्याइतकी ऊर्जा नसते. त्या अणुकेंद्रातून आलेल्या नाहीत आणि ही नळी त्या मोजत नाही. रिक्षाच्या मागे चिकटवलेल्या, नुसत्या नावाच्याच ‘रेडियम’च्या अक्षरांत किरणोत्सारी काही नसते, आणि यंत्रही तेच सांगते. प्रारणांची प्रक्रिया केलेला मसाला किंवा आंबा तपासून पाहिला तरी ठोके वाढत नाहीत. वाशीच्या प्रकल्पात मसाल्यांवर आणि लासलगावला कांद्यावर व निर्यातीच्या हापूसवर कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचा मारा करतात, तेव्हा जंतू आणि कीड मरतात, पण त्या किरणांमुळे आंब्यातली अणुकेंद्रे अस्थिर होत नाहीत. किरण पडणे वेगळे आणि स्वतः किरणोत्सारी होणे वेगळे. हा एकच मुद्दा पालकसभेत समजावता आला, तरी माझ्या दृष्टीने यंत्राची किंमत वसूल होते.

तुर्भ्याबद्दल, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र असलेल्या ट्रॉम्बेबद्दलही लोक हमखास विचारतात. अप्सरा ही अणुभट्टी तेथे ऑगस्ट १९५६ मध्ये सुरू झाली, पुढे सायरस आणि ध्रुव आल्या, आणि चेंबूर, देवनार, मानखुर्द या वस्त्या त्यांच्या आसपासच वाढल्या. चेंबूर आणि देवनारच्या रस्त्यांवर मला दादरपेक्षा वेगळा आकडा मिळाला नाही. पण मी हे पुरावा म्हणून मांडत नाही, कारण अशा प्रश्नाचे उत्तर हातातल्या यंत्राने द्यायचे नसते. त्यासाठी वर्षानुवर्षे एकाच जागी उभी असलेली, प्रमाणित केलेली यंत्रे लागतात, आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने देशभर अशा मापनकेंद्रांचे जाळे उभारलेले आहे.

एका प्रसंगाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण यंत्र विकत घेणाऱ्या प्रत्येकावर तो येऊ शकतो. परळहून लोकलने येताना पिशवीतले यंत्र अचानक मोठ्याने वाजू लागले, ठोके मिनिटाला काही शेकड्यांत गेले आणि दोन स्थानकांनंतर आपोआप उतरले. परळ हा रुग्णालयांचा भाग आहे. हाडांचा स्कॅन करताना रुग्णाला टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य टोचतात. त्याचे अर्धायुष्य सहा तासांचे असते, म्हणजे चोवीस तासांत ते सोळाव्या हिश्शावर येते, आणि त्याचे गॅमा किरण शरीराबाहेर यावेत हाच तर त्या तपासणीचा उद्देश असतो. अशा माणसाशेजारी काही मिनिटे बसल्याने सहप्रवाशाला मिळणारी मात्रा नगण्य असते आणि त्याला घरी पाठवताना रुग्णालयाने हे नियमांप्रमाणे पाहिलेले असते. यंत्र वाजले म्हणून डब्यात मान फिरवून कोणाला शोधणे, किंवा यंत्र एकेकाजवळ नेऊन पाहणे, हा त्या आजारी माणसावर अन्याय आहे. प्रवासात आवाज बंद ठेवावा. यंत्रात कारखान्यातूनच लावून आलेला धोक्याच्या इशाऱ्याचा आकडाही पहिल्याच दिवशी बदलून घ्यावा. माझ्या यंत्रात तो इतका खाली लावलेला होता की खताची पिशवी जवळ आली तरी भोंगा वाजत असे.

याउलट खरोखर तीव्र प्रारण असलेल्या जागी या यंत्रावर विसंबणे धोक्याचे आहे. प्रत्येक ठोक्यानंतर नळी क्षणभर निकामी असते; ठोके फार दाटले की बरेचसे मोजलेच जात नाहीत, आणि काही यंत्रांत आकडा उलट खाली येतो. दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात २०१० मध्ये कोबाल्ट-६० चा स्रोत असलेले जुने उपकरण फोडले गेले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला, हे विसरू नये. भंगारात तीन पाकळ्यांचे पिवळे चिन्ह असलेले जड धातूचे डबे दिसले तर यंत्र काढून मोजत बसू नये. दूर व्हावे आणि पोलिसांना कळवावे. तसेच यंत्र तपासण्यासाठी परदेशी संकेतस्थळांवरून किरणोत्सारी स्रोत मागवण्याच्या फंदात पडू नये. त्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आहेत आणि खताची पिशवी त्या कामाला पुरेशी आहे.

शाळा, कनिष्ठ महाविद्यालये आणि विज्ञानाची खरी आवड असलेली घरे यांनी हे यंत्र जरूर घ्यावे. घेताना नळीचा क्रमांक विचारावा, ठोक्यांचा कच्चा आकडा दिसतो का आणि नोंदी संगणकावर घेता येतात का हे दुकानातच पाहावे. सोबत मोबाइल टॉवरही मोजतो असे सांगणाऱ्या बहुगुणी यंत्रांपेक्षा फक्त ठोके मोजणारे साधे यंत्र निवडावे. माझ्या यंत्राचे प्लास्टिकचे आवरण हलके आहे आणि चार्जिंगची खाच ढिली आहे, पण मोजणीत त्याने आजवर दगा दिलेला नाही. अपवाद पावसाळ्याचा: हवेतल्या दमटपणामुळे नळीच्या टोकांशी ४०० व्होल्टची वीज झिरपू लागते आणि ठोके उगाच वाढतात. जून ते सप्टेंबर ते सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावे, आणि डब्याबाहेर काढल्यावर आधी दहा मिनिटे नुसत्या टेबलावर मोजून नेहमीचा आकडा येतो की नाही ते पाहावे.